गोळी आणि गोतावळा

'व्यसनमुक्त' हा शब्द मराठीत फार सहज वापरला जातो. दारू सोडलेला माणूस व्यसनमुक्त, तंबाखू सोडलेला व्यसनमुक्त. या शब्दातल्या 'मुक्त'ला संतांच्या मुक्तीची दूरची छटा आहे. मुक्त म्हणजे पूर्ण मुक्त, अर्धामुर्धा मुक्त असं काही नसतं. पण हाच शब्द हेरॉइन, गर्द किंवा अफूच्या व्यसनाला लावला, की पंचाईत होते. समजा, एक माणूस आठ वर्षं गर्दाला शिवलेला नाही. तो कामावर जातो, मुलांची फी भरतो, घरचं लग्नकार्य निभावतो. मात्र रोज सकाळी जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी ठेवतो, आणि ही गोळीही अफूच्याच कुळातली आहे. हा माणूस मुक्त म्हणायचा की नाही?

वाद शब्दार्थाचा वाटेल, पण त्याच्या उत्तरावर माणसांचं जगणं-मरणं ठरत आलं आहे. व्यसन सोडवण्याच्या दोन परंपरा विसाव्या शतकात उभ्या राहिल्या. व्यसनातून उठलेल्याने व्यसनात पडलेल्याला हात द्यावा, ही एक. व्यसन हा आजार मानून त्यावर औषध द्यावं, ही दुसरी. दारूच्या बाबतीत या दोघी बऱ्यापैकी जोडीने चालल्या. अफूवर्गीय पदार्थांच्या बाबतीत त्यांचं दीर्घकाळ पटलं नाही. का पटलं नाही आणि आता का पटू लागलं आहे, हे समजून घेणं आपल्यालाही गरजेचं आहे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'ने केलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूवर्गीय पदार्थ वापरतात आणि त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना त्यासाठी मदतीची गरज आहे. यात केवळ हेरॉइन येत नाही. अफू आणि डोडा येतो, तसंच दुकानातून मिळणारं कोडीनचं खोकल्याचं औषध आणि वेदनाशामक गोळ्याही येतात.

शरीराचा हिशोब

आपल्या मेंदूत वेदना, सुख आणि श्वास यांच्याशी संबंधित पेशींवर काही ठरावीक जागा असतात. शरीर स्वतः तयार करतं ती वेदनाशामक द्रव्यं तिथे येऊन बसतात. हेरॉइन त्याच जागा बळकावतं, आणि तेही लोंढ्याने. काही आठवड्यांत मेंदू या लोंढ्याला सरावतो. तेवढ्याच मात्रेने मग काही होत नाही, मात्रा वाढवावी लागते. पदार्थ थांबवला की हाडं दुखणं, उलट्या, जुलाब, घाम, झोप उडणं सुरू होतं. गर्दुल्ल्यांच्या भाषेत याला 'टर्की' म्हणतात. सात-आठ दिवसांत टर्की ओसरते. रुग्ण जेवू लागतो, हसू लागतो, आणि घरच्यांना वाटतं, सुटला.

खरा धोका इथून सुरू होतो. शरीराचा सराव मोडलेला असतो, ओढ मात्र मोडलेली नसते. महिन्या-दोन महिन्यांनी जुना मित्र भेटतो, जुन्याच मात्रेची पुडी घेतली जाते, आणि ती आता न सोसून श्वास थांबतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मरण्याचा त्यांचा धोका सर्वसामान्यांच्या १२९ पट होता. तुरुंगाच्या जागी केवळ 'शुद्धी' करून घरी पाठवणारं केंद्र ठेवा. शरीराचा हिशोब बदलत नाही.

औषध इथे काय करतं ते एसटीच्या उपमेने सांगता येईल. नाल्ट्रेक्सोन हे औषध म्हणजे सीटवर टाकलेला रुमाल. जागा अडते, पण तिथे कोणी बसत नाही. हेरॉइन आलं तरी त्याला जागा मिळत नाही. मेथाडोन हा पूर्ण वजनाचा, पण सावकाश चढणारा आणि सावकाश उतरणारा प्रवासी. दिवसातून एकदा घेतलं की पुरतं. नशेची उसळी नाही, टर्कीही नाही. ब्युप्रेनॉर्फिन हलक्या वजनाचा, पण सीटला घट्ट चिकटलेला प्रवासी. त्याचा परिणाम एका पातळीपर्यंत वाढतो आणि थांबतो, म्हणून श्वास बंद पडण्याचा धोका पुष्कळ कमी. एक पथ्य मात्र आहे. अंगात हेरॉइन असतानाच ते घेतलं, तर ते हेरॉइनला जागेवरून ढकलून देतं आणि भयंकर टर्की सुरू होते. म्हणून पहिली गोळी टर्कीची लक्षणं दिसू लागल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात.

दोन उगम

मेथाडोन दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत वेदनाशामक म्हणून तयार झालं. व्यसनाच्या दीर्घ उपचारासाठी त्याचा उपयोग पहिल्यांदा न्यूयॉर्कमध्ये, रॉकफेलर संस्थेत १९६४ साली पद्धतशीरपणे तपासला गेला. व्हिन्सेंट डोल हे चयापचयाचे संशोधक, तर मारी निस्वांडर या मनोविकारतज्ज्ञ. व्यसनी माणसाकडे रुग्ण म्हणून पाहा, असं सांगणारं पुस्तक निस्वांडर यांनी १९५६ सालीच लिहिलं होतं. सुरुवातीला त्यांनी रुग्णांना मॉर्फिन देऊन पाहिलं. रुग्ण दिवसभर टीव्हीसमोर बसून पुढच्या मात्रेची वाट पाहत. मेथाडोनवर आणल्यावर तीच माणसं बदलली. कोणी चित्रं काढू लागलं, कोणी अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायचं म्हणू लागलं. पहिल्या २२ रुग्णांचा वृत्तान्त १९६५ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला आणि जगभर चर्चा सुरू झाली.

मित्रांच्या परंपरेचा उगम याआधीचा. १९३५ साली ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रनमध्ये बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन दारुड्यांची भेट झाली आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' उभी राहिली. तिच्याच बारा पायऱ्या घेऊन १९५३ साली कॅलिफोर्नियात 'नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस' सुरू झाली. फी नाही, वरिष्ठ-कनिष्ठ नाही. सभासद व्हायला सोडण्याची इच्छा एवढी एकच अट. ज्याने स्वतः उकिरड्यावर रात्री काढल्या, त्याच्यापुढे नवख्याला खोटं बोलावं लागत नाही. घरचे, डॉक्टर, पोलीस या सगळ्यांशी खोटं बोलून थकलेल्या माणसाला ही केवढी मोठी सुटका असते!

या परंपरेची काळी बाजूही नोंदवली पाहिजे. १९५८ साली चार्ल्स डेडेरिक याने कॅलिफोर्नियात 'सिनानॉन' हा माजी व्यसनींचा समूह सुरू केला. सुरुवातीला त्याचं मोठं कौतुक झालं. पुढे त्याचा पंथ झाला आणि प्रश्न विचारणारा शत्रू ठरू लागला. १९७८ साली विरोधात खटला लढवणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत विषारी साप ठेवण्यापर्यंत मजल गेली. अनुभव हीच एकमेव पात्रता ठरली आणि तिला कोणी जाब विचारेनासं झालं, तर आधाराचा फास व्हायला वेळ लागत नाही.

भांडण कशावरून?

'नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस'चा पाया संपूर्ण वर्ज्यतेचा. त्यामुळे मेथाडोन घेणारा सभेला आला तर तो 'क्लीन' मानायचा का, असा प्रश्न आला. १९९६ साली संस्थेच्या विश्वस्त मंडळाने पत्रक काढलं. त्याचा आशय असा, की अशा माणसाचं सभेत स्वागत आहे. पण त्याने सभा चालवावी का, अनुभव सांगावा का, हे प्रत्येक गटाने ठरवावं. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी गोळी घेणाऱ्याला मागच्या बाकावर बसावं लागलं. आधी गोळी सोड, मग बोल, असा आग्रह धरला गेला. त्यातूनच नव्वदच्या दशकात बाल्टिमोरमध्ये 'मेथाडोन अ‍ॅनॉनिमस' हा वेगळा गट निघाला.

विरोधकांचा आक्षेप पोरकट नव्हता. एक नशा सोडवायला दुसरी नशा, ही शंका कोणालाही येईल. मेथाडोनची मात्रा चुकली तर माणूस दगावतो. ब्युप्रेनॉर्फिन सुईने टोचून घेण्याचं व्यसन भारतानेही पाहिलं आहे. पण या आक्षेपात दोन गोष्टींची गल्लत होते. औषध बंद केल्यावर शरीराला त्रास होणं म्हणजे अवलंबित्व. ते रक्तदाबाच्या काही औषधांबाबतही होतं. व्यसन म्हणजे नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही पदार्थामागे धावणं, त्यासाठी घरातलं सोनं विकणं. गोळीने पहिली गोष्ट राहते, दुसरी थांबू शकते.

या दोन परंपरा मुळात वैरी नव्हत्या, याचा एक पुरावा खुद्द डोल यांच्या चरित्रात आहे. मेथाडोनचे हे जनक अनेक वर्षं 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'च्या विश्वस्त मंडळावर होते. त्यांनीच लिहून ठेवलं आहे, की दारुड्यांची ओढ शमवेल असं मेथाडोनसारखं एखादं औषध शोधून काढा, असं बिल विल्सन यांनी त्यांना सुचवलं होतं. बारा पायऱ्यांचा प्रवर्तक औषधाची वाट पाहत होता. सोवळं त्याच्या अनुयायांनी पाळलं.

पुरावा काय सांगतो?

२००३ साली स्वीडनमधला एक छोटा प्रयोग 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. हेरॉइनचं व्यसन असलेल्या ४० जणांना समुपदेशन आणि गटोपचार सारखेच दिले. २० जणांना ब्युप्रेनॉर्फिन दिलं, तर उरलेल्या २० जणांना त्या औषधाचा अगदी छोटा कोर्स आणि मग तशीच दिसणारी पोकळ गोळी. वर्षाअखेरीस पहिल्या गटातले ७५ टक्के उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटातला एकही टिकला नाही, आणि त्यातले चौघे मरण पावले. बोलणं, धीर देणं, गट हे सगळं दोन्हीकडे होतं. फरक गोळीचा होता.

प्रयोग लहान होता म्हणून मोठे आकडे पाहू. २०१७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. मेथाडोन उपचार चालू असताना दर हजार माणसांमागे वर्षाला ११ मृत्यू, तर उपचार सुटल्यावर ३६. ब्युप्रेनॉर्फिनबाबत हेच आकडे ४ आणि ९ च्या आसपास. फ्रान्सने १९९५-९६ च्या सुमारास साध्या डॉक्टरांनाही ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्याची मुभा दिली, आणि १९९९ पर्यंत तिथले अतिमात्रेचे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले.

अमेरिकेतल्या मिनेसोटाचं 'हेझल्डन' हे १९४९ पासूनचं केंद्र म्हणजे बारा पायऱ्यांची जणू पंढरी. २०१२ साली तिथेही ब्युप्रेनॉर्फिन आलं. अफूवर्गीय व्यसनाचे रुग्ण उपचार अर्धवट सोडून जात होते आणि काही बाहेर पडल्यावर मरत होते. हे पाहून केंद्राने आपली वहिवाट बदलली. पायऱ्या सोडल्या नाहीत, गोळी जोडली.

मग मित्रांची गरज कुठे उरते? गोळी मृत्यू लांबवते आणि ओढ शमवते. पण रिकाम्या संध्याकाळचं काय करायचं, भावाने घरात घेतलं नाही तर कुठे जायचं, पुडी विकणाऱ्याच्या गल्लीवरूनच कामाला जावं लागतं तर नजर कशी वळवायची, हे गोळी सांगत नाही. शिवाय औषधाचा मोठा दोष म्हणजे माणसं ते सोडून देतात. त्यांना उपचारात टिकवणं हे जोडीदाराचं काम. वेदनाशामकांच्या व्यसनावर उपचार घेतलेल्या अमेरिकी रुग्णांचा ४२ महिने पाठपुरावा केला, तेव्हा औषध चालू ठेवणं आणि स्वमदत गटात जाणं या दोन्हींचा पदार्थापासून दूर राहण्याशी स्वतंत्र संबंध आढळला; त्यातही औषधाचा जास्त. एवढं खरं, की मित्रगटांविषयीचा पक्का पुरावा दारूच्या बाबतीत जितका आहे तितका अफूवर्गीय व्यसनात अजून नाही. म्हणून गटाने औषधाची जागा घेऊ नये. त्याने औषधाची सोबत करावी.

आपल्याकडे

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द पसरली, तेव्हा डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं. त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी होती. उपचार घेऊन बरा झालेला मित्रच पुढे समुपदेशक होतो, ही तिथली रीत. महाराष्ट्राला व्यसनी माणूस 'मित्र' म्हणून पाहायला या घराने शिकवलं.

दुसरीकडे, सुईतून पसरणारा एचआयव्ही रोखण्यासाठी 'नॅको'ने ब्युप्रेनॉर्फिन आणि पुढे मेथाडोनची केंद्रं उघडली. मणिपूरसारख्या राज्यांना त्यांची सर्वांत जास्त निकड होती. पंजाबनेही ऑक्टोबर २०१७ पासून बाह्यरुग्ण दवाखान्यांतून हे औषध द्यायला सुरुवात केली. या केंद्रांपर्यंत नव्या माणसाला हाताला धरून आणणारा बहुतेकदा एकेकाळी स्वतः सुई टोचून घेणारा असतो. गोळी आणि गोतावळा इथे एकाच दारात भेटतात.

पण अनेक घरांत चित्र अजून वेगळंच आहे. पोराला कुठल्या तरी केंद्रात तीन महिने कोंडायचं, टर्की काढायची, कोरा करून घरी आणायचं आणि देवाला नारळ फोडायचा. अशा घरांनी केंद्रात पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. हेरॉइन किंवा वेदनाशामकांचं व्यसन असेल तर तुमच्याकडे ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन देणारा मनोविकारतज्ज्ञ आहे का? घरी गेल्यावर औषध किती काळ चालेल आणि ते कोण पाहील? पाय घसरला तर परत घ्याल की हाकलाल? आणि स्वमदत गटात गेल्यावर कोणी गोळी सोडायला सांगितलं, तर तो सल्ला आधी डॉक्टरांच्या कानावर घालावा. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'चं स्वतःचं साहित्यही सभासदांना बजावतं, की कोणी कोणाचा डॉक्टर होऊ नये.

सुरुवातीच्या त्या आठ वर्षांच्या माणसाला मुक्त म्हणायचं की नाही, हे भाषा सावकाश ठरवेल. त्याची उद्याची गोळी मात्र वेळेवर मिळाली पाहिजे, आणि ती घेऊन तो सभेत आला तर त्याला पुढच्या रांगेत जागा मिळाली पाहिजे.