पोर्ट्रेट फोटोग्राफीचा व्यवसाय: कॅमेरा घेण्याआधी हा हिशेब करा



"सर, फोटो चांगले जमतात. पोर्ट्रेटचा व्यवसाय करायचाय. कोणता कॅमेरा घेऊ?" हा प्रश्न मला सारखा येतो. माझा उलटा प्रश्न असतो: एका शूटचे किती घेणार, आणि तेवढेच का? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, "आमच्याकडे सगळे दीड हजार घेतात, मीही तेवढेच घेईन."

या व्यवसायात लोक फोटो वाईट येतात म्हणून कमी आणि दर चुकतो म्हणून जास्त बुडतात. व्हिडिओत हा हिशेब भराभर झाला, म्हणून इथे सावकाश मांडतो. आकडे उदाहरणाचे आहेत. तुम्ही तुमचे घाला.

दीड हजारात हातात काय उरतं?

समजा कॅमेरा, लेन्स आणि लाइट मिळून १,२०,००० रुपये झाले. हे सामान चार वर्षं चालेल असं धरलं, तर महिन्याला २,५०० रुपये झिजतात. ६०,००० च्या लॅपटॉपचे तसेच १,२५०. सॉफ्टवेअर आणि हार्ड डिस्कचे १,५००, फोन-इंटरनेटचे ७००, विमा-दुरुस्तीचे १,००० आणि जाहिरातीचे २,००० धरा. एकूण ८,९५० रुपये. एकही शूट झालं नाही तरी हा खर्च आहेच.

आता वेळ बघू. शूट दोन तासांचं, असं आपण म्हणतो. पण आधीचं बोलणं एक तास, जाणं-येणं एक तास, फोटोंची निवड आणि एडिटिंग चार तास, फोटो पोचवणं आणि शंका-निरसन एक तास. म्हणजे एक शूट नऊ तासांचं. महिन्याला दहा शूट केले तर ९० तास. प्रत्येक शूटला पेट्रोल आणि प्रिंटचे ४०० रुपये वेगळे.

१,५०० मधून ४०० गेले, राहिले १,१००. दहा शूटचे ११,०००. त्यातून ८,९५० गेले. उरले २,०५०. म्हणजे तासाला जेमतेम २३ रुपये! कॅमेरा हप्त्यावर घेतला असेल, तर हप्ता घरच्या पैशातून जाणार. बाहेरून लोक म्हणतात "याचं चांगलं चाललंय", आणि घरात रोज ओढाताण.

मग दर किती हवा?

घरी २५,००० न्यायचे असतील, तर ८,९५० मिळवून ३३,९५० लागतील. दहा शूटवर वाटले तर प्रत्येकी ३,३९५. वरचे ४०० धरून साधारण ३,८००. हा तुमचा तळ. याच्या खाली घासाघीस करायची नाही.

"सर, एवढे आमच्याकडे कोणी देत नाही." ठीक आहे. मग दर पाडू नका, काम छोटं करा. ३३,९५० भागिले ९० तास, म्हणजे तासाला सुमारे ३७७ रुपये. पाच तासांत संपणारं छोटं पॅकेज २,५०० ला परवडतं: एकच जागा, एकच कपडे, आठ फोटो. पंधरा फोटो आणि दोन पेहराव हवे असतील तर ४,०००. अल्बमसह कुटुंबाचं शूट त्याहून वर. ग्राहकाला तीन पर्याय दिले की तो "कमी करा ना" म्हणण्याऐवजी "यातलं कुठलं घेऊ?" असं विचारायला लागतो.

ग्राहक कोण, ते आधी ठरवा

"सगळ्यांचे फोटो काढतो" म्हणणारा कुणाच्याच लक्षात राहत नाही. सुरुवातीला एक वाट धरा.

१. कुटुंबाची वाट. डोहाळजेवण, बारसं, पहिला वाढदिवस, मुंज, आजोबांची साठी, सहस्रचंद्रदर्शन. एक घर नीट सांभाळलं तर तेच घर पुन्हा बोलावतं. बाळाचं शूट झालं की पहिल्या वाढदिवसाची तारीख वहीत लिहा आणि दीड महिना आधी फोन करा. नवा ग्राहक शोधण्यापेक्षा हा फोन कितीतरी स्वस्त पडतो.

२. कामाच्या फोटोंची वाट. डॉक्टर, वकील, सीए, क्लासचे शिक्षक, छोट्या कंपन्या. एका ऑफिसात लाइट एकदाच लावायचा आणि सकाळभरात वीस जणांचे फोटो काढायचे. प्रत्येकी ५०० रुपये धरले तरी १०,००० होतात, आणि एडिटिंग मोजकं.

३. स्थळासाठीचे फोटो. इथे फोटोइतकंच वागणं महत्त्वाचं. समोरची मुलगी किंवा मुलगा अवघडलेला असतो. पहिली दहा मिनिटं कॅमेरा बाजूला ठेवा आणि गप्पा मारा.

सामान कमीत कमी

सुरुवातीला सेकंडहँड क्रॉप सेन्सर बॉडी आणि ५० एमएम १.८ लेन्स पुरते. क्रॉप सेन्सरवर ती ७५-८० एमएमसारखं काम करते, त्यामुळे थोडं लांबून फोटो घेता येतो. रुंद लेन्सने जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं दिसतं, ते टळतं. उत्तरेकडच्या खिडकीचा मऊ उजेड आणि दुसऱ्या बाजूला सावली उजळायला पांढरं कार्डशीट, एवढ्यात खूप शिकता येतं. कार्ड फॉरमॅट करण्याआधी फोटोंच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. बारशाचं शूट पुन्हा होत नाही.

नोकरी लगेच सोडू नका

गौतम राजाध्यक्ष यांचं 'चेहरे' तुम्ही पाहिलं असेल. लिंटास या जाहिरात कंपनीत नोकरी करत असतानाच त्यांनी कलाकारांचे पोर्ट्रेट काढायला सुरुवात केली. पूर्णवेळ फोटोग्राफीकडे ते १९८७ मध्ये वळले. सलग सहा महिने तुमच्या तळाच्या दराने ठरवलेले शूट मिळत असतील, तेव्हाच राजीनाम्याचा विचार करा.

लिहून घ्या

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात (कलम १७) अशी तरतूद आहे: कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला हक्कदार तो ग्राहक असतो, तुम्ही नाही. म्हणजे तोच फोटो तुमच्या जाहिरातीत वापरायचा तर आधी ठरवून घ्यायला हवं. बुकिंगच्या वेळीच एका पानावर लिहून दोघांनी सही करा:

- किती फोटो, किती दिवसांत
- एकूण रक्कम आणि ५० टक्के आगाऊ
- एडिट न केलेले फोटो मिळणार की नाही
- तारीख बदलली तर काय
- हक्क कुणाकडे, आणि फोटो तुमच्या कामाचा नमुना म्हणून दाखवायला परवानगी आहे का. लहान मुलांच्या बाबतीत आई-वडिलांची सही हवीच.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. महाराष्ट्रात सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. त्या टप्प्याच्या जवळ आलात की सीएशी बोला.

आजचा गृहपाठ

वही घ्या. तुमचा महिन्याचा ठरलेला खर्च, घरी न्यायची रक्कम आणि एका शूटचे खरे तास, हे तीन आकडे लिहा. त्यावरून तुमचा तळाचा दर काढा. मग ओळखीतल्या दहा वेगवेगळ्या वयाच्या माणसांचे पोर्ट्रेट काढून पहिला संग्रह तयार करा. फुकट फक्त हे दहाच, आणि त्यांनाही मूळ दर लिहून "१०० टक्के सवलत" असं बिल द्या. तुमच्या कामाची किंमत किती, हे पहिल्या दिवसापासून समोरच्याला कळू दे.

एवढं झाल्यावर खुशाल दुकानात जाऊन कॅमेरा बघा.