दाह नेमका कोणाच्या बाजूने?

अल्झायमरच्या मेंदूत दाह असतो, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो वेगळाच: हा दाह रोग घडवतो, की पडझड झाल्यावर मागाहून येतो? १९०७ मध्ये आलॉइस अल्झायमर यांनी पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे वर्णन केले, तेव्हा चेतापेशींतल्या गुंत्यांबरोबर ग्लिया पेशींतले बदलही नोंदवले होते. पुढे मात्र बहुतेक लक्ष मेंदूत साचणाऱ्या ॲमिलॉइड या प्रथिनाच्या थरांनीच खाल्ले. मागाहून येण्याच्या शंकेला सर्वांत नेमके उत्तर जनुकांनी दिले. मायक्रोग्लिया या मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींच्या आवरणावर ‘ट्रेम-२’ नावाचा ग्राही असतो. त्याच्या जनुकातल्या एका दुर्मीळ बदलामुळे ४७व्या स्थानी अर्जिनिनऐवजी हिस्टिडिन येते आणि अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट होतो, असे २०१३ मध्ये दोन स्वतंत्र संशोधनगटांनी दाखवले. हा बदल माणूस जन्मतःच घेऊन येतो. त्याला रोगाचा परिणाम म्हणता येत नाही.

खरी गंमत पुढे आहे. हा बदल ग्राहीला बळ देत नाही, दुबळा करतो. म्हणजे इथे धोका वाढतो तो प्रतिसाद कमी पडल्यामुळे. ट्रेम-२ नसलेल्या उंदरांत मायक्रोग्लिया ॲमिलॉइडभोवती नीट गोळा होत नाहीत, थर विस्कळीत राहतात आणि शेजारच्या चेतातंतूंना जास्त इजा होते. पण २०१३ मध्येच दुसऱ्या एका प्रयोगात उलटे चित्र दिसले. मायक्रोग्लियाच्या आतली ‘एनएलआरपी-३’ ही धोका ओळखणारी यंत्रणा काढून टाकलेल्या उंदरांची स्मृती अधिक टिकली, ॲमिलॉइडही कमी साचले. ही यंत्रणा इंटरल्युकिन-१ बीटा हा दाहक संदेश बाहेर सोडायला लावते. पेशी एकच, पण एका ग्राहीने दिलेला हुकूम राखणीचा, दुसऱ्या यंत्रणेचा नासधुशीचा. म्हणून ‘दाह कमी करा’ हा सल्ला मला निम्माच वाटतो.

दाहाचा रोग घडवण्यात वाटा आहे, यावर आक्षेप घेणारे औषधांच्या चाचण्यांकडे बोट दाखवतात. नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या वेदनाशामकांनी अल्झायमर टळतो का, हे पाहणारी अमेरिकेतली मोठी चाचणी निराश करून गेली. पण ही औषधे सायक्लोऑक्सिजनेज हे विकर रोखतात. वर सांगितलेल्या ग्राहीला किंवा यंत्रणेला ती थेट हात लावत नाहीत. अधिक टोकदार आक्षेप ट्रेम-२ला चेतवणाऱ्या प्रतिपिंडाचा आहे. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्याने रोगाची गती मंदावली नाही, हे २०२४ मध्ये जाहीर झाले. हा धक्का खराच आहे, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. मात्र रुग्णाला विसरभोळेपणा जाणवतो त्याच्या दहा-वीस वर्षे आधीपासून ॲमिलॉइड साचत असते, म्हणजे रुग्णाचा ‘सुरुवातीचा टप्पा’ मेंदूसाठी उशिराचा असू शकतो. शिवाय टाऊ प्रथिनाचे गुंते असलेल्या उंदरांत ट्रेम-२ काढल्यावर मेंदूची झीज कमी झाल्याचे २०१७ मध्ये दिसले होते. एका टप्प्यावर उपकारक असलेला ग्राही दुसऱ्या टप्प्यावर अपायकारक ठरत असेल, तर चाचणीत रुग्ण घेताना निदानापेक्षा त्याच्या मेंदूत टाऊ कुठवर पसरला आहे हे आधी पाहावे लागेल.