छाटणीची कात्री शिकणाऱ्याच्या हाती द्यावी

द्राक्षवेलीच्या छाटणीविषयी ऐकून सर्वांनाच पुष्कळ माहिती असते. परंतु कात्री घेऊन वेलीपुढे उभे राहिले म्हणजे ही काडी नेमकी कोठे कापावी, हा प्रश्न पडतोच. त्याचे उत्तर व्याख्यानातून मिळत नाही.

नाशिक जिल्ह्यात वेलीची छाटणी वर्षातून दोनदा करतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तीत ओलांड्यावरील प्रत्येक काडी एक-दोन डोळे राखून कापतात व नव्या काड्या वाढू देतात. या छाटणीनंतर साधारणतः चाळीस ते साठ दिवसांच्या काळात नव्या काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म घड तयार होतात. पुढे ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते; बागलाणातील काही बागांत ती याहून पुष्कळ आधी करतात. काडीचा शेंडा वेळीच खुडला असल्यास तेथून पोटकाडी फुटून गाठ पडते व फलक्षम डोळे बहुधा त्या गाठीजवळ मिळतात. म्हणून गाठीपुढे एक-दोन डोळे ठेवून कापावे, असे सांगतात. परंतु सरळ वाढलेल्या काडीवर अशी गाठच नसते. काडीची जाडी, तिला मिळालेला सूर्यप्रकाश व तिची परिपक्वता पाहून तेथे निर्णय करावा लागतो, आणि हे पाहणे डोळ्यांना व बोटांना सवयीनेच येते. काडीचे नमुने प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेण्याची सोय आहे व तिचा लाभ अवश्य घ्यावा. तथापि प्रत्येक काडी काही प्रयोगशाळेत नेता येत नाही.

काप चुकला व फलक्षम डोळा काडीबरोबर खाली पडला, तर वांझ फुटी निघतात. ही चूक त्या हंगामात दुरुस्त होत नाही. औषधे, मजुरी व पाणी यांवरील खर्च मात्र चालूच राहतो.

कृषि विज्ञान केंद्रांची उभारणी काम करता करता शिकणे या तत्त्वावरच झाली. देशातील पहिले केंद्र १९७४ साली पाँडिचेरी येथे निघाले. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ असे एक केंद्र चालविते. इंडोनेशियात १९८९ साली भातशेतीत शेतीशाळा सुरू झाल्या, तेव्हा शेतकरी दर आठवड्यास बांधावरून खाचरात उतरून कीटक स्वतः मोजू लागले. आपल्याकडील शेतीशाळाही याच वळणाच्या आहेत.

असे असूनही एक उणीव राहते. प्रशिक्षणास बहुधा बागेचा मालक येतो, आणि कात्री चालविणारे हात निराळेच असतात. निफाड-दिंडोरीच्या बागांत पेठ, सुरगाणा या भागांतून मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांतील जुन्या माणसांस काडीची पारख चांगली असते. नव्या माणसाला मात्र कोणी काही सांगत नाही, कारण काम बहुधा उक्ते असते व उरकण्याची घाई असते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने प्रात्यक्षिकास या माणसांना आधी बोलवावे, आणि जाणत्या मजुरास शिकविणाऱ्याच्या जागी उभे करावे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

प्रात्यक्षिक लहानच असावे. मालकाच्या संमतीने एका ओळीतील सहा वेली घ्याव्यात. तीन वेलींवर प्रत्येक काडी पाहून काप घ्यावा. उरलेल्या तिन्हींवर सरसकट एकाच मापाने घ्यावा. दोन्हींस निरनिराळ्या रंगांच्या चिंध्या बांधाव्यात. कार्यकर्त्याने स्वतः एकच काडी कापून दाखवावी व कात्री पुढे द्यावी. कोणी चुकीच्या जागी कात्री लावली, तर हात न धरता ‘येथेच का?’ एवढे विचारावे.

छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. तेव्हा हातमोजे असलेच पाहिजेत, आणि त्या दिवशी व पुढील काही दिवस मद्यास स्पर्श करू नये. या औषधाबरोबर मद्य शरीरास घातक ठरते. ही गोष्ट मजुरांस स्पष्ट शब्दांत सांगावी.

फुटी निघून घड दिसू लागले की त्याच माणसांना पुन्हा त्याच ओळीत न्यावे. प्रत्येकाने आपण कापलेल्या काडीवरील घड व वांझ फुटी मोजाव्यात आणि आकडे बागेतच, सर्वांच्या देखत वहीत लिहावेत. ज्याच्या काड्यांवर घड कमी आले, त्यालाच पुढच्या छाटणीस प्रथम बोलवावे.