ड्राइव्हची खरी किल्ली कुठे असते?

पेन ड्राइव्ह हरवला की जीव खालीवर होतो, तो त्याच्या किमतीपायी नव्हे. आत आधार कार्डाची प्रत, बँकेची कागदपत्रं, घरचे फोटो असतात. लॅपटॉपचा पासवर्डही फारसा कामाचा नाही. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की सगळं उघडं. त्यापेक्षा अख्खी ड्राइव्हच एन्क्रिप्ट केलेली बरी. लिनक्सवर त्यासाठी ‘लक्स’ ही पद्धत आणि ‘क्रिप्टसेटअप’ हा प्रोग्राम सर्रास वापरला जातो.

टर्मिनल उघडून आधी ‘एलएसबीएलके’ ही कमांड द्यावी. जोडलेल्या सगळ्या डिस्क दिसतात. ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह इथे तिसाच्या आतच दिसतो, त्याने गोंधळू नये. नाव मात्र दोनदा ताडून पाहावं: ‘एसडीबी’ऐवजी ‘एसडीए’ लिहिलं गेलं, तर भलत्याच डिस्कवर संक्रांत! मग ‘क्रिप्टसेटअप लक्सफॉरमॅट’ आणि पुढे ड्राइव्हचं नाव. संगणक बजावतो, की आतलं सगळं जाईल. कॅपिटल अक्षरांत ‘येस’ लिहिल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ठिपकेही उमटत नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नसतो. त्यानंतर ‘क्रिप्टसेटअप ओपन’ने ड्राइव्ह उघडायची, ‘एमकेएफएस’ने फाइल सिस्टिम तयार करायची आणि माउंट करायची. काम संपलं की अनमाउंट आणि ‘क्लोज’.

गंमत अशी, की तुमच्या पासवर्डने एकही फाइल एन्क्रिप्ट होत नाही. लक्स स्वतःच एक लांबलचक, यादृच्छिक किल्ली तयार करतं आणि सगळा डेटा तिनेच एन्क्रिप्ट होतो. ही किल्ली ड्राइव्हच्या सुरुवातीला, हेडरमध्ये असते आणि तिच्यावर तुमच्या पासवर्डचं कुलूप असतं. म्हणून टेराबाइटभर डेटा असला तरी पासवर्ड क्षणात बदलतो, आणि एकाच ड्राइव्हला नवरा-बायकोचे दोन वेगळे पासवर्ड ठेवता येतात. लक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत असे ३२ पर्यंत ठेवता येतात. उघडताना दोनेक सेकंद थांबावं लागतं, तेही मुद्दामच: आर्गॉन-टू ही पद्धत प्रत्येक प्रयत्नाला वेळ आणि मेमरी खायला लावते, त्यामुळे भराभर अंदाज मारणाऱ्याची दमछाक होते.

पण सगळी मदार त्या जेमतेम १६ एमबीच्या हेडरवर! तो खराब झाला, तर पासवर्ड तोंडपाठ असूनही डेटा गेला. म्हणून ‘लक्सहेडरबॅकअप’ने त्याची प्रत काढून दुसरीकडे ठेवावी. आणखी एक: लक्सफॉरमॅट आधीच्या फाइली पुसून टाकत नाही, फक्त हेडर लिहितं. जुनं काही नाजूक असेल, तर ड्राइव्ह आधी पूर्ण पुसून घ्यावी.

पासवर्ड फुटला म्हणून बदललात, तर हेडरची जुनी प्रतही नष्ट करा. तिला जुनाच पासवर्ड लागतो, आणि आतली किल्ली बदललेली नसते. ती प्रतही कुणाच्या हाती लागली असेल, तर ‘क्रिप्टसेटअप रीएन्क्रिप्ट’ने किल्लीच बदलावी. त्याला मात्र तासन् तास लागू शकतात. कारण या वेळी खरोखरच सगळा डेटा नव्याने लिहिला जातो.