हंडा लागला तर कळवायचं कुणाला?

वरवे बुद्रुकवरून पुणे-सातारा महामार्ग जातो. प्लॉट, फार्महाऊस, गोदामं यांसाठी या पट्ट्यात सतत जेसीबी चालतात. तोरण्याच्या दुरुस्तीत शिवाजी महाराजांना धन सापडलं आणि ते राजगडाच्या बांधणीला लागलं, ही कथा या मुलखात पोराटोरांनाही ठाऊक. त्यामुळे खोदताना हंडा लागेल ही आशा असते, आणि 'कळवलं तर सरकार सगळंच नेतं' ही भीतीही.

ती भीती खरी नाही. गुप्तधनाचा 1878 चा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. चौकशीत मूळ मालक निघाला नाही आणि जागामालकाशी वेगळा करार नसला, तर बारा आणे ज्याला सापडलं त्याचे, चार आणे जागामालकाचे. सरकारला ते धन ठेवून घ्यायचं असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश मोजावा लागतो. लपवणाऱ्याचा मात्र हिस्सा जातो, शिवाय वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. मला खोट दिसते ती त्या पंचमांशात. जुन्या नाण्याचं मोल त्याच्या वजनात नसतं, हे दलालाला पक्कं ठाऊक असतं.

पण दलालाकडे वळून न कळवता दडवलेलं धन हाती राहीलच असं नाही: 2022 मध्ये चिखलीत, बांधकामाच्या मातीत सापडलेली 216 सोन्याची नाणी अखेर पोलिसांनी जप्त केली.

'चोरीचा माल परदेशातच जातो' हेही अर्धसत्य. दिवेआगरच्या सुपारीच्या बागेत 1997 साली सापडलेला सुवर्णगणेश 24 मार्च 2012 रोजी दोन पहारेकऱ्यांचा खून करून चोरांनी पळवला आणि वितळवला. पुढे सोनं परत मिळालं, त्यातून नवा मुखवटाही घडला. जुना मात्र कायमचा गेला.

आणि घरातली पिढीजात मूर्ती ठेवणं हा गुन्हा नव्हे. 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांवरच्या मूर्ती-चित्रांची नोंदणी करावी लागते, त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. खरी अडचण उघड्यावरच्या वीरगळांची आहे. उद्या एखादा लिलावात दिसला, तर तो आपल्याच गावचा हे जुन्या फोटोशिवाय सिद्ध करणं फार अवघड. गावच्या वीरगळांचे सगळ्या बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायला एक सकाळ पुरते.