गाडीच्या खोलीतला उंदीर

बाळापुरात गाडीची खोली नुसत्या गाडीसाठी क्वचितच असते. मोटारसायकलीमागे सोयाबीनचे कट्टे, कोपऱ्यात सरकी नाहीतर ढेप, माळ्यावर रिकामी पोती. पिकं निघून शेतं मोकळी होतात त्याच सुमारास घरं धान्यानं भरतात, आणि उंदीर आत शिरतो. पुढे एके दिवशी गाडी चालूच होत नाही. मेकॅनिक उघडून पाहतो तर वायरीचं वेष्टण सोललेलं आणि एअर फिल्टरच्या डब्यात कापसाचं घरटं.

हा बहुधा घरउंदीर, शास्त्रीय नाव मस मस्क्युलस. वजन जेमतेम 15 ते 20 ग्रॅम. लेंडी तांदळाच्या दाण्याहून बारीक, टोकदार. एक सेंटिमीटरहून लांब दिसली तर मात्र पाहुणा मोठा उंदीर किंवा घूस समजावी, कारण त्यांचा बंदोबस्त वेगळा. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात. त्यांच्या दर्शनी बाजूचं कवच तांब्याहून कठीण असतं, त्यामुळे वायर त्याला सहज तुटते. पण दात झिजवायलाच तो कुरतडतो, हे अर्धंच खरं. वरचे-खालचे दात एकमेकांवर घासूनही ते झिजतात. वाट मोकळी करणं, घरट्याला सामान जमवणं, नवी वस्तू चाखून पाहणं हीही कुरतडण्याची कारणं आहेत.

आपल्याकडे त्याला आत येणं सोपं जातं ते काळ्या मातीमुळे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यासोबत फरशी उचलते, जोती तडकतात, शटर जमिनीला नीट टेकत नाही. शिसपेन्सिल जाईल एवढी फट घरउंदराला पुरते. म्हणून खरं काम फटींचं आहे. तारेची घासणी गच्च दाबून वरून सिमेंट भरावं. नुसता बोळा किंवा फोम तो कुरतडून टाकतो. शटरखाली पत्र्याची पट्टी लावावी. मातीचा स्वभाव पाहता ही तपासणी दर उन्हाळ्यात पुन्हा करावी लागते. कट्टे भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावेत आणि सरकी झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात.

फटी तशाच ठेवून नुसते उंदीर मारत राहणं वाया जातं, याचं कारण त्यांच्या प्रजननात आहे. गर्भकाळ सुमारे 20 दिवसांचा, एका वेताला पाच-सहा पिल्लं, आणि पिल्लू साधारण सहा आठवड्यांत स्वतः प्रजननक्षम. व्यायल्यावर दिवसभरातच मादी पुन्हा गाभण राहू शकते. उरलेल्या दोन-तीन उंदरांना खाणं-आसरा मिळाला की काही महिन्यांत संख्या पूर्ववत होते.

चाप लावायचा तो भिंतीलगत, तोंड भिंतीकडे करून; उंदीर मिशांनी भिंत चाचपत पळतो. घरउंदीर घरट्यापासून फार दूर जात नाही, त्यामुळे एकच चाप पुरत नाही. दर दोन-तीन मीटरवर एक ठेवावा. आमिष म्हणून वाटाण्याएवढा शेंगदाण्याचा कूट भरपूर झाला.

विषाबद्दल मात्र मी कठोर आहे. झिंक फॉस्फाईडची काळी पूड पोटातल्या आम्लाशी मिळून फॉस्फीन वायू बनवते, आणि त्यावर ठरावीक उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट यकृत निकामी करते, तिच्यावरही उतारा नाही. ज्या खोलीत पोरं सायकल काढायला शिरतात, तिथे ही दोन्ही नकोतच. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या रक्त गोठण्याला लागणारं ‘के’ जीवनसत्त्व निकामी करतात. त्यावर उतारा आहे, तरी कुलूपबंद डब्याशिवाय त्याही ठेवू नयेत. अशा वड्या खाल्लेला उंदीर तीन-चार दिवस फिरत राहतो आणि मांजर किंवा गव्हाणी घुबड त्याला खातं. उंदीर खाऊन जगणारं घुबडच त्या विषानं मरू शकतं.

लेंड्या कोरड्या झाडू नयेत, धूळ नाकात जाते. ब्लीचिंगच्या पाण्यानं त्या ओल्या कराव्यात, दहा मिनिटं थांबावं, मग हातमोजे घालून पुसून घ्याव्यात. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. लेंड्या पुसल्या की तिथे पिठाचा पातळ थर पसरून ठेवावा. सकाळी त्यावर पावलं उमटली, तर एखादी फट अजून उघडी आहे.