ग्राफिक्स मेमरीत जागा कोणी सोडायची?

सीबीएसवर पुण्याची एस.टी. लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची ही आपली जुनी पद्धत. ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीतही थोडंफार असंच चालतं, फक्त तिथला कंडक्टर बसलेल्याला उठवूही शकतो.

4 जीबीच्या कार्डावर गेम, ब्राउझर आणि कॅडचं मॉडेल एकदम उघडलं की सगळ्यांचे बफर मावत नाहीत. मग कर्नलमधला ड्रायव्हर काही बफर उचलून साध्या रॅममध्ये नेतो. याला एव्हिक्शन म्हणतात. लिनक्समध्ये हे काम टीटीएम हा भाग करतो. तो 2009 साली 2.6.31 या कर्नलमध्ये आला आणि एएमडीचा ड्रायव्हर आजही त्यावरच चालतो. उठवायचं कोणाला, तर जास्त वेळ न वापरलेल्याला. एलआरयू आपण परीक्षेसाठी घोकतोच, त्यामुळे ते सोडून देतो.

ही हलवाहलव स्वस्त नाही. 4096 बाय 4096 चं साधं टेक्स्चर 64 एमबी होतं. पीसीआय एक्सप्रेस 3.0 च्या सोळा लेनवर कागदावरचा वेग सेकंदाला सुमारे 16 जीबी, म्हणजे एका टेक्स्चरला 4 मिलिसेकंद. अशी चार हलवली की 60 च्या वेगातली एक फ्रेम गेलीच!

पण मला विचाराल तर खरी डोकेदुखी लॉकची आहे. एका फ्रेमसाठी शेकडो बफर एकदम लॉक करावे लागतात. एकाने पहिला धरला आणि दुसरा मागितला, दुसऱ्याने नेमकं उलटं केलं, की झाला डेडलॉक. बोळात समोरासमोर अडकलेल्या दोन गाड्याच! 'ठरलेल्या क्रमाने लॉक करा' हा पुस्तकी उपाय इथे पुरत नाही, कारण जागा कमी पडली की मध्येच दुसऱ्याच कोणाचा तरी बफर लॉक करावा लागतो, आणि तो कोणता हे आधी कळत नाही.

म्हणून 2013 साली कर्नल 3.11 मध्ये डब्ल्यूडब्ल्यू म्यूटेक्स आला. कल्पना डेटाबेसवाल्यांची, रोझेनक्रांट्झ, स्टर्न्स आणि लुईस यांच्या 1978 च्या पेपरमधली. प्रत्येकाला तिकीट नंबर मिळतो. हवं ते लॉक जुन्या नंबरवाल्याकडे असेल, तर नव्याने हातातली सगळी लॉक सोडायची, त्याचं होईपर्यंत थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. मात्र तिकीट तेच राहतं. त्यामुळे कधी ना कधी तो सर्वात जुना होतो आणि कायमचा उपाशी राहत नाही. गंमत म्हणजे नाव 'वूंड-वेट' असलं तरी आतली पद्धत 'वेट-डाय' होती. खरी वूंड-वेट 2018 साली 4.19 मध्ये आली.

माघार घेणारा कोड क्वचितच चालतो, त्यामुळे बग तिथेच लपतात. त्यासाठी कर्नलमध्ये 'डीबग डब्ल्यूडब्ल्यू म्यूटेक्स स्लोपाथ' हा पर्याय आहे. तो चालू करून कर्नल बिल्ड केला की डेडलॉक नसतानाही खोटा एरर येतो आणि ड्रायव्हरला मुद्दाम माघार घ्यायला लावतो. लॅबमधल्या जुन्या पीसीवर रात्री बिल्ड लावून ठेवा, सकाळपर्यंत होईल.